मालकीचं, ताब्यातलं, वापरलेलं

सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस घर बघायला आला तेव्हा त्याच्या हातात मोजपट्टी आणि एक वही होती. कलकत्त्याच्या लेक गार्डन्समधल्या आमच्या दोन खोल्या त्यानं वीस मिनिटांत कागदावर उतरवल्या. पुस्तकांची खोकी एकोणीस, भांड्यांची चार, हार्मोनियम एक. मग तो माझ्या टेबलाखाली वाकला. "हा पण जाणार, दिदी?"

हा म्हणजे माझा डेस्कटॉप. २००८ साली चांदनी मार्केटमध्ये जोडून घेतलेला, काळ्या पत्र्याचा, एका बाजूचं झाकण चिकटपट्टीनं धरून ठेवलेला. मी हो म्हटलं. त्यानं लांबी, रुंदी, उंची घेतली, भोवती चार-चार बोटं स्पंज धरला आणि खोक्याचं माप सांगितलं : ६० बाय ३५ बाय ६० सेंटिमीटर. विमानानं कुरियर करायचं तर या तिन्हींचा गुणाकार करून त्याला ५००० नं भागायचं, आणि जो आकडा येईल तेवढे किलो धरायचे. आकडा आला पंचवीस. मशीन आमच्या काट्यावर भरलं होतं नऊ किलो.

"मग वरचे सोळा किलो कसले?"

"हवेचे, दिदी. हवेलाही जागा लागते ना."

नाकापेक्षा मोती जड, असं नवरा म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. टोरांटोला त्या भाड्यात बरा लॅपटॉप आला असता. चौदा वर्षांच्या मुलानं आणखी सोपं करून सांगितलं : तुला हवंय ते सगळं नखाएवढ्या कार्डावर मावेल, आई. मीही चारचौघांत हेच म्हटलं असतं. आपण मजकूर नेतो, यंत्र नेत नाही. भाषांतरकारानं तर हे म्हणायलाच हवं, कारण आमचा सगळा धंदाच या विश्वासावर चालतो की एका घरातलं सामान काढून दुसऱ्या घरात मांडलं तरी घर तेच राहतं. शेवटी मशीन पुस्तकांबरोबर समुद्रानं पाठवायचं ठरलं, घनमीटरच्या हिशेबात. यूपीएस तेवढा शेजाऱ्यांना दिला. त्यातली शिशाची बॅटरी कोणी बोटीवर घेत नाही.

आता, 'यंत्र तेच' असंही म्हणायची सोय नाही. २०१० मध्ये त्यातली रॅम बदलली. २०१२ च्या कालबैसाखीत वीज कडाडली आणि वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, जळाला. तो नवा आला. त्याच वेळी डिस्क कुरकुरायला लागली म्हणून तीही बदलली. मॉनिटर तिसरा, कीबोर्ड पाचवा. मूळचा राहिला तो फक्त पत्रा. नागसेन आणि राजा मिलिंद यांचा रथाबद्दलचा संवाद 'मिलिंदपञ्हा'त आहे : आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, दांडी म्हणजे रथ का. प्रत्येक वेळी उत्तर नाही, आणि तरी राजा रथात बसून आलेला असतो. ग्रीकांकडे हाच प्रश्न थीसियसच्या जहाजाचा, ज्याच्या फळ्या एकेक करून बदलल्या. सतराव्या शतकात हॉब्जनं त्यात एक खोडसाळ भर घातली : काढलेल्या जुन्या फळ्या कोणीतरी जपून ठेवल्या आणि त्यांचं पुन्हा जहाज बांधलं, तर थीसियसचं जहाज कोणतं? चांदनीतला माझा मेकॅनिक जुने भाग परत देत नसे. त्यामुळे कलकत्त्यात कुठेतरी माझं दुसरं कॉम्प्युटर हिंडत असण्याची शक्यता मी नाकारत नाही.

जादवपूरला तौलनिक साहित्याच्या वर्गात असले प्रश्न आम्ही चहावर सोडवत असू. नागपूरहून गेलेली मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि प्रश्न सुटला नाही तरी चहा चांगला असे. पण मी मशीन नेत होते ते पत्र्याच्या तादात्म्यासाठी नाही. त्यात अकरा पानं होती.

आधी ती पानं त्या यंत्राला कशी बांधलेली होती ते सांगायला हवं. मी भाषांतर करायला लागले तेव्हा मराठी टाइप करायचं म्हणजे प्रकाशकाकडे जो फॉन्ट असेल तो घ्यायचा. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण मराठीतली छपाई त्यानंतरही कितीतरी वर्षं आपापल्या फॉन्टांवर चालली. त्या फॉन्टांत 'क' हा क नसे. रोमन अक्षरांच्या, चिन्हांच्या जागा बळकावून तिथे काना, वेलांटी, अर्धी अक्षरं बसवलेली असत. सॉफ्टवेअर चालायला मागे एक डोंगल खोचावं लागे, अंगठ्याएवढं कुलूप. ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की देवनागरीच्या जागी कंस, टिंबं, डॉलरची खूण आणि वर टोप्या घातलेली फ्रेंच अक्षरं. मजकूर समोर असतो आणि वाचता येत नाही. रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात. मी ते वापरले, माझी बाकीची सगळी कामं एकेक करून युनिकोडमध्ये आणली. या अकरा पानांची फाइल तेवढी आणली नाही. जिथे टाइप केली त्याच यंत्रात, त्याच कुलपाआड राहू दिली. का, ते मी स्वतःलाही बरीच वर्षं सांगितलं नव्हतं.

ती पानं माशीमांची. माशीमा म्हणजे मावशी, पण बंगालीत कोणत्याही वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तशी. त्या शाळेत शिकवत, निवृत्तीनंतर आठवणी लिहीत होत्या आणि त्यातला एक तुकडा एका छोट्या नियतकालिकात वाचून मी त्यांच्याकडे गेले होते. २०११ आणि २०१२ च्या हिवाळ्यात दुपारी त्या माझ्याकडे येऊन वहीतून वाचत आणि मी थेट मराठीत टाइप करत असे. मग मी मराठी वाचून दाखवायची. त्यांना मराठी येत नव्हतं, पण संस्कृत शब्द कानाने टिपत. एकदा त्यांच्या 'शिक्षा'चं मी मराठीत शिक्षण केलेलं ऐकून त्यांनी अडवलं : शब्द का बदललास? मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हे सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. चाळीस वर्षं मी मुलांना तेच तर दिलं, म्हणाल्या. 'अभिमान' मात्र त्यांनी मला मराठीत सुखासुखी करू दिला नाही. बंगाली अभिमानात आपल्या माणसावरचा रुसवा असतो, दुखावलेपण असतं. मराठी अभिमान ताठ मानेनं चालतो. तो शब्द त्या अकरा पानांत चार वेळा होता.

प्रकरण १९५० चं. त्या फेब्रुवारीत पूर्व बंगालमध्ये दंगली झाल्या. माशीमा लहान होत्या, बहीण त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठी. मधले चार दिवस बहीण घरात नव्हती. पाचव्या दिवशी ती परत आली, आणि घरानं तिला परत आलेली मानलं नाही. त्यानंतर वडिलांनी निघायचं ठरवलं. नावेनं धक्क्यापर्यंत, स्टीमरनं खुलना, तिथून रेल्वेनं सियालदा. ८ एप्रिल १९५० ला दिल्लीत नेहरू आणि लियाकत अली यांच्यात जो करार झाला त्यात निघणाऱ्यांनी काय न्यावं याचं कलम आहे : घरातलं हलवता येण्याजोगं सामान हवं तेवढं, अंगावरचे दागिने, रोख रक्कम मात्र मोठ्या माणसाला १५० रुपये आणि मुलाला ७५. माशीमांच्या घरचं शिलाई मशीन आलं. पितळी डबे आले. बहीण आली नाही. कलकत्त्यात सांगितलं गेलं की ती पटकीनं गेली, आणि साठ वर्षं माशीमाही तेच सांगत आल्या.

जानेवारी २०१३ मध्ये त्यांचा फोन आला. "ती अकरा पानं काढ. ती माझी गोष्ट नाही गं. मी तिला विचारून लिहिलेली नाही." त्यांनी वहीतली पानं फाडली होती; नंतर मी शिवणीत उरलेल्या कडा पाहिल्या. "तुझ्याकडचंही मिटव." मी "मिटवते" म्हटलं, संध्याकाळी फाइल पुसली, कचरापेटीही रिकामी केली आणि फोन करून सांगितलं : मिटवलं. पुस्तक पुढच्या वर्षी त्या प्रकरणाशिवाय आलं. २०१५ मध्ये माशीमा गेल्या.

२०१६ मध्ये दुसरंच काही शोधताना मला 'ओल्ड डी' नावाचा फोल्डर दिसला. २०१२ मध्ये डिस्क बदलताना चांदनीतल्या मेकॅनिकनं, मला न विचारता आणि सदिच्छेनंच, जुन्या डिस्कची अख्खी नक्कल नव्या डिस्कवर ठेवली होती. त्यात अकरा पानं होती.

तेव्हा मी पुसली नाहीत. नंतरही नाहीत.

इथे काफ्का आणि माक्स ब्रॉड यांचं नाव कोणीही काढेल. मीही काढलं, स्वतःपाशी, कित्येकदा. पण ते उदाहरण मला मदत करत नाही. ब्रॉडनं पुढे लिहून ठेवलं की हे मी करणार नाही असं त्यानं काफ्काला आधीच सांगितलं होतं. म्हणजे काफ्कानं काम अशा माणसावर सोपवलं जो नकार देऊन बसला होता. माशीमांना मी होकार दिला होता. माझा शब्द धरून त्या निश्चिंत झाल्या. तेव्हा मी खोटं बोलले नव्हते, हे खरं. पण 'मिटवलं' हे वाक्य माझ्या प्रामाणिकपणाबद्दल नव्हतं, फाइलबद्दल होतं. फाइल आहे हे कळलं त्या दिवसापासून ते वाक्य खोटं झालं, आणि ज्यांच्याकडे जाऊन ते दुरुस्त करावं त्या नव्हत्या.

दुसरी बाजूही माझ्याकडे होती आणि ती कमी वजनाची नाही. सगळ्या घरानं मिळून एका मुलीला आधी मागे ठेवलं, मग मेलेली ठरवलं. तिच्याबद्दलची खरी नोंद जगात एकाच ठिकाणी उरली होती, तीही तिनं कधी न ऐकलेल्या भाषेत. ती पुसणं म्हणजे धक्क्यावरून स्टीमर पुन्हा एकदा सोडणं. 'मी तिला विचारलं नाही' या माशीमांच्या म्हणण्यात न्याय आहे, पण सोयही आहे. साठ वर्षं पटकी सांगतानाही तिला कोणी विचारलं नव्हतं. असं मी म्हणत असे, आणि मग मला शंका येई की हा युक्तिवाद मी बहिणीसाठी करतेय की त्या अकरा पानांच्या मराठीसाठी. कारण ते मी केलेलं सगळ्यांत चांगलं काम होतं. अभिमान या शब्दाला मी तिथे मराठीत जी वाट काढली होती ती मला पुन्हा सापडली नसती.

असं दोन्हीकडून ओढलं गेल्यावर मी तिसरी गोष्ट केली, जी बहुतेक लोक करतात : काहीच केलं नाही. जपणं वेगळं आणि टाकून न देणं वेगळं, असा फरक मी मनाशी मांडला होता. मी फाइल जपली नव्हती. ती यंत्रात होती आणि यंत्र टेबलाखाली होतं. युनिकोडमध्ये आणली असती तर ती कृती झाली असती. पुसली असती तरी. त्या नऊ किलो पत्र्यानं सात-आठ वर्षं मला कृतीपासून वाचवलं. सामानवाल्यानं टेबलाखाली वाकून "हा पण?" विचारलं तेव्हा माझा तोल गेला तो यामुळे. घर हलवताना 'असू दे तिथेच' हे उत्तर चालत नाही. न्यायचं तरी, ठेवायचं तरी. त्या खोलीत मला पहिल्यांदा वाटलं की धक्क्यावर उभ्या असलेल्या त्या वडिलांच्याही मनात कदाचित 'तिला सोडतोय' हे वाक्य कधी आलंच नसेल. सामान मोजून झालं, नाव भरली, एवढंच झालं असेल. हे मी त्यांच्या बचावासाठी लिहीत नाही.

कॅनडात राहायला जाणाऱ्यानं आपल्या सामानाची यादी सीमेवर द्यावी लागते, मागून येणाऱ्या सामानाचीसुद्धा. ते करमुक्त सुटायला तीन अटी : वस्तू येण्याआधीपासून तुमच्या मालकीची हवी, तुमच्या ताब्यात असलेली हवी आणि तुम्ही वापरलेली हवी. तिन्ही मिळून. वर्षाच्या आत विकली किंवा कोणाला देऊन टाकली तर कर भरावा लागतो. मी यादी केली आणि 'डेस्कटॉप कॉम्प्युटर, जुना, १' असं लिहिताना या तीन शब्दांशी बराच वेळ अडकले. कायदा करणाऱ्याला व्यापारी माल आणि संसार यांत फरक करायचा होता. पण ही तीन वेगवेगळी नाती आहेत हे त्याला कळलं होतं, आणि मला पंचेचाळिशीत एका फॉर्मवरून कळत होतं. पानं माझ्या ताब्यात होती. वापरली म्हणाल तर माझ्याइतकी कोणी वापरली नसतील. मालकी? भाषांतराचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं मूळ लेखकाला दिलेला आहे. माझ्या मराठी शब्दांवर मला काही हक्क मिळतो तो त्या परवानगीच्या पोटात, आणि परवानगी तर काढून घेतलेली. माशीमांनी त्याच्याही पुढे जाऊन सांगितलं होतं की मालक त्याही नव्हत्या. ताबा आणि वापर यांच्या जोरावर आपण किती गोष्टींना माझं म्हणत आलो, याचा हिशेब त्या रात्री करायला मी बसले नाही. यादी पूर्ण करायची होती.

पेट्या नोव्हेंबरच्या शेवटी पोचल्या. चांदनीतल्या मेकॅनिकनं सीपीयूवरचा जड पंखा आणि डिस्क काढून वेगळ्या गुंडाळल्या होत्या, सिलिका जेलच्या पुड्या घातल्या होत्या. मी सगळं पुन्हा जोडलं, डोंगल खोचलं, इथल्या चपट्या पिनांची वायर लावली आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पंखाही फिरला नाही. समुद्र बाधला, असं मी घरात सांगितलं, आणि खरं सांगते, मला इतकं मोकळं वाटलं की त्या रात्री मी पुरणपोळी केली. माझ्या हातून काही न होता प्रश्न मिटला होता.

तीन आठवड्यांनी मुलगा टेबलामागे आपला चार्जर शोधत होता. "आई, हे २३० वर आहे." एसएमपीएसच्या मागे एक बारीक लाल खटका असतो; एका बाजूला २३०, दुसऱ्या बाजूला ११५. इथल्या भिंतीत १२० व्होल्ट. उलटं असतं तर धूर निघाला असता, या बाजूनं फक्त गप्प बसतं. त्यानं पेचकसाच्या टोकानं खटका सरकवला आणि निघून गेला. त्याच्या दृष्टीनं काम झालं होतं.

यंत्र सुरू झालं. मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी मधल्या काळात संपलेली, त्यामुळे त्याला दिवस कोणता तेही ठाऊक नव्हतं. त्यानं तारीख विचारली. मी भरली. मग फोल्डर उघडला आणि अकरा पानं वाचली, २०१३ नंतर पहिल्यांदा. ती मला आठवत होती तेवढी चांगली नव्हती. दोन ठिकाणी मी मूळ वाक्याला कारण नसताना सजवलं होतं. अभिमानाची वाट मात्र बरोबर होती.

डिस्कवरून फाइल पुसली तरी ती जात नाही. जागा मोकळी झाली अशी फक्त नोंद होते आणि वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत अक्षरं खाली तशीच असतात. म्हणून मी ती पुसली आणि मोकळ्या जागेवर निरर्थक अंक लिहिणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवला. शब्द दिला होता, हे एक कारण. दुसरं असं की बहिणीच्या बाजूनं मी जे बोलत होते ते मला तिनं सांगितलेलं नव्हतं. एवढ्यानं माझं समाधान झालेलं नाही, आणि हे लिहून मी अर्धा शब्द पुन्हा मोडतेच आहे हेही दिसतंय. गाव, वयं आणि आणखी दोन गोष्टी मी बदलल्या आहेत. या नियतकालिकाला बंगाली वाचक आहेत. ज्याला ओळखायचं तो तरीही ओळखेल.

तिचं नाव मी लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. पण परवा सहज आठवून बघितलं तेव्हा अडले. बंगाली उच्चारात ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, लिहिताना मात्र असतं. देवनागरीत आणताना मी त्या नावाचं पहिलं अक्षर सुरुवातीला ऱ्हस्व केलं होतं, मग माशीमांना विचारलं आणि त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिहून दाखवलं. त्याप्रमाणे मी सगळीकडे दुरुस्त केलं. दुरुस्त करून ते दीर्घ झालं, की आधी दीर्घ होतं आणि ऱ्हस्व झालं, हे आता मला सांगता येत नाही.